कंपास आणि होकायंत्र: वर्तुळ मिटत नाही, सुई कलते, फोन वेगळंच सांगतो

चौकट
शाळेच्या विज्ञान-गणित प्रदर्शनात आठवी-नववीच्या मुलांचं एक टेबल आहे. एका बाजूला कंपासपेटीतला कंपास, दुसऱ्या बाजूला होकायंत्र. दोन्ही कशी चालतात ते मुलांनीच समजावून सांगायचं आहे. तयारीत चार गोष्टी अडल्यात.

१. पूर्ण वर्तुळ काढलं की रेघेचा शेवट सुरुवातीला मिळत नाही. अर्धा-एक मिलिमीटर चुकतो. तीन वेगळे कंपास वापरले, तिन्हींचं तेच.
२. त्रिज्या ५ सेंमी लावली तरी व्यास १०.२ भरतो.
३. होकायंत्र युरोपातून आणलेलं आहे. सपाट ठेवलं तरी सुईचं दक्षिण टोक खाली टेकतं आणि सुई अडते.
४. त्याच टेबलावर हे होकायंत्र आणि फोनमधलं होकायंत्र यांच्यात १५ अंशांचा फरक येतो. खरं कोणाचं?

जाणकारांनी जरा विस्ताराने लिहावं. मुलांना 'का' विचारलं की उत्तर देता यायला हवं.

ड्रॉइंगबोर्ड
पहिल्या दोनांचं मी सांगतो.

आधी चूक कुठली ते ओळखा. कंपासला हात न लावता त्याच वर्तुळावरून पुन्हा एक फेरी मारा आणि दोन्ही रेघा बघा. दोन रेघांमधलं अंतर सगळीकडे सारखं असेल तर त्रिज्या बदलली, म्हणजे पाय फाकले किंवा पेन्सिल सरकली. समोरासमोरच्या दोन बाजूंना फट आणि त्यांच्या मधे रेघा एकमेकींना छेदतात, अशी चंद्रकोर दिसली तर मध्य सरकला, म्हणजे टोकाचं भोक मोठं झालं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. बहुतेक लोक न बघताच स्क्रू पिळत बसतात.

पाय फाकत असतील तर:
– डोक्यावरचा स्क्रू पाव फेरा घट्ट करा. पाय उघडताना थोडा जोर लागला पाहिजे, आणि उघडा कंपास हलकेच हलवला तर पाय जागचे हलता कामा नयेत.
– पेन्सिल छोटी घ्या, ८-९ सेंमीची. लांब पेन्सिल वर झुलते आणि कडीतल्या कडीत फिरते. कडी सैल असेल तर पेन्सिलीला कागदाचा एक वेढा द्या.
– वर्तुळ काढताना पाय धरू नका. वरची खरबरीत मूठ फक्त अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवायची. पायाला हात लागला की त्रिज्या गेलीच म्हणून समजा.
– कंपास फिरवण्याच्या दिशेला किंचित कलता ठेवा, म्हणजे शिसं ओढलं जातं. सरळ उभा ठेवून ढकलत नेलं तर शिसं अडखळतं आणि पाय बाहेर जातो.

मध्य सरकत असेल तर कागदाखाली चार-पाच कागदांची किंवा पुठ्ठ्याची गादी द्या. सनमायकाच्या टेबलावर एकच कागद असला की टोक रुतत नाही, घसरतं. चांगल्या कंपासच्या सुईला टोकाच्या जरा वर एक खांदा असतो. तो कागदावर टेकला की सुई आणखी खाली जात नाही, त्यामुळे भोक लहान राहतं. शालेय कंपासला नुसतं शंकूसारखं टोक असतं, जितकं दाबाल तितकं भोक रुंद होतं. एकाच मध्यातून अनेक वर्तुळं काढायची असतील तर लहानापासून सुरू करा. भोक रुंदावल्याची चूक लहान वर्तुळात जास्त दिसते, म्हणून ती आधी उरकायची.

सुईचं टोक शिशापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर पुढे ठेवा. सुई कागदात तेवढी जाते, मग दोन्ही पाय समान पातळीवर येतात.

शिशाला पेन्सिलसारखं गोल टोक करू नका. बाहेरच्या बाजूने पॉलिशपेपरवर तिरकं घासून छिन्नीसारखी धार करा. उतार सुमारे ६ मिमी लांब हवा आणि धार मध्याच्या बाजूला राहिली पाहिजे. गोल टोक अर्ध्या वर्तुळातच बोथट होतं आणि रेघ जाड होत जाते. कंपासवर हाताइतका दाब देता येत नाही, म्हणून शिसं एक पायरी मऊ घ्यायचं. रेघा २एच पेन्सिलीने काढत असाल तर कंपासमध्ये एच.

ड्रॉइंगबोर्ड
दुसरा मुद्दा राहिला. त्रिज्येत १ मिमी चूक झाली की व्यासात ती २ मिमी होते, तुमचं १०.२ त्यातूनच आलंय. पट्टीच्या शून्यावर टोक ठेवू नका. प्लास्टिक पट्टीची ती कड झिजलेली असते, आणि कित्येक पट्ट्यांचं शून्य कडेपासून थोडं आत असतं. टोक १ सेंमीच्या रेघेवर ठेवून शिसं ६ वर आणा. त्याहून बरं म्हणजे रद्दी कागदावर वर्तुळ काढा, व्यास मोजा आणि जेवढा फरक असेल त्याच्या निम्म्याने कंपास बदला. अंतिम कागदावर पहिली रेघ कधीच घ्यायची नाही.

फिटर_ट्रेड
डोक्याला स्क्रू नसून रिव्हेट असेल (स्वस्त कंपासना तेच असतं) तर स्क्रूड्रायव्हर शोधू नका. ऐरणीवर किंवा जाड लोखंडी तुकड्यावर रिव्हेट ठेवून बॉलपीन हातोडीने हलकी टिचकी द्या. एका टिचकीनंतर पाय उघडून बघा. जोरात मारलं तर सांधा जाम होतो, मग उघडताना झटके बसतात आणि त्रिज्या लावताच येत नाही.

पत्र्यावर मार्किंग करताना कंपास नाही, स्प्रिंग डिव्हायडर वापरतात. त्याच्या दोन्ही पायांना पोलादी टोकं असतात. मध्यावर आधी पंचाची बारीक खूण करायची, नाहीतर टोक घसरून ओरखडा उठतो. खूण खोल गेली तर डिव्हायडरचं टोक त्यात डुलतं, तिथेही तीच चंद्रकोर. रेघ दिसावी म्हणून पत्र्यावर मोरचुदाचं पाणी किंवा खडू लावतात. गोल सळईचा मध्य काढायला जेनी कॅलिपर. त्याचा एक पाय वाकडा असतो, तो कडेला टेकवायचा आणि दुसऱ्या पायाने चार बाजूंनी चार कंस मारायचे. मध्य त्या चार कंसांच्या मधल्या चौकोनात असतो.

नेमकं_काय
लंबदुभाजक काढताना 'निम्म्यापेक्षा जास्त त्रिज्या घ्या' असं पुस्तकात असतं. जास्त म्हणजे किती? काही मुलं जेमतेम निम्म्यापेक्षा जास्त घेतात आणि रेघ तिरकी येते.

ड्रॉइंगबोर्ड
रेषाखंडाच्या सुमारे ०.७ पट. तेव्हा कंस एकमेकांना जवळपास काटकोनात छेदतात.

आकड्यांत बघा. रेषाखंड ६० मिमी आणि त्रिज्या ३२ घेतली तर दोन्ही छेदबिंदू रेषेपासून फक्त ११ मिमीवर पडतात, आणि कंस एकमेकांना ४१ अंशांत कापतात. रेघ ०.३ मिमी जाड धरली तर त्या तिरक्या छेदात बिंदू साधारण ०.९ मिलिमीटर लांबट दिसतो. नेमका कुठे टेकवायचा? वर ते दोन बिंदू एकमेकांपासून जेमतेम २२ मिमीवर. एवढ्या आखूड पायावर लांब रेघ ओढली की ती फिरणारच. त्रिज्या ४२ घेतली तर छेद जवळपास ९० अंशांत येतो, आणि बिंदूंमधलं अंतर ५९ मिमी.

एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या भूमितीच्या पेपरला बसणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

त्रिज्या टिकते की नाही बघायची जुनी चाचणी अशी: वर्तुळ काढा आणि तीच त्रिज्या परिघावर सहा वेळा पावलागणिक मोजत जा. सहाव्या पावलाची खूण सुरुवातीच्या खुणेवर आली पाहिजे. प्रत्येक पावलाची चूक साठत जाते, म्हणून शेवटी ०.६ मिमी फरक दिसला तर एका पावलाला ०.१ ची चूक आहे. पट्टीवर ०.१ दिसत नाही, इथे ती सहापट होऊन दिसते.

नेमकं_काय
थोडं अवांतर: युक्लिडच्या भूमितीतला कंपास उचलला की मिटतो असं धरलेलं आहे, त्याने अंतर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून पहिल्या पुस्तकातली दुसरीच रचना 'दिलेल्या बिंदूपासून दिलेल्या लांबीएवढी रेषा काढा' अशी आहे. आणि नुसत्या कंपासने, पट्टीशिवाय, पट्टी-कंपासच्या सगळ्या रचनांचे बिंदू मिळतात. हे १६७२ मध्ये गेऑर्ग मोर यांनी आणि १७९७ मध्ये स्वतंत्रपणे मास्केरोनी यांनी दाखवलं. टेबलावर एक पाटी लावायला छान आहे.

कातळकडा
आता होकायंत्र. तिसऱ्या प्रश्नापासून घेतो.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर नसतं, उत्तर गोलार्धात ते उत्तरेकडे खाली झुकलेलं असतं. या झुकावाला नती म्हणतात. लंडनच्या आसपास ती ६६-६७ अंश आहे, मुंबई-अलिबागकडे २५-२७ अंशांच्या घरात. युरोपात विकायच्या सुईचं उत्तर टोक तिथे जोरात खाली ओढलं जातं, म्हणून कारखान्यात दक्षिण टोकाकडे थोडं वजन देऊन ती सपाट करतात. तीच सुई इथे आणली की उत्तरेची ओढ कमी पडते आणि दक्षिणेचं वजन जिंकतं. तुमचं होकायंत्र बिघडलेलं नाही, दुसऱ्या पट्ट्यासाठी तोललेलं आहे. विकत घेताना मागे किंवा खोक्यावर पट्टा लिहिलेला असतो, तो बघावा. नाहीतर सगळ्या जगात चालणारं घ्यावं, त्यात सुई आणि चुंबक वेगळे टांगलेले असतात.

प्रदर्शनापुरता उपाय म्हणजे होकायंत्र दोन-तीन अंश तिरकं करून सुई सुटी करा आणि ती स्थिर झाल्यावर वाचा. वाचन चालण्याइतकं बरोबर येतं.

दक्षिणेकडे जाल तसतशी नती घटते, आणि भारताच्या दक्षिण टोकाजवळ ती शून्य होते. थुंबा इथे १९६३ मध्ये रॉकेट केंद्र सुरू झालं, ती जागा निवडण्यामागे चुंबकीय विषुववृत्ताजवळ असणं हेच कारण होतं.

आणखी एक. सुईला दिशा देतो तो क्षेत्राचा आडवा भाग. अलिबागला तो साधारण ३८,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आहे, लंडनकडे जवळपास त्याच्या निम्मा. त्यामुळे आपल्याकडे सुई जास्त जोमाने जागेवर येते.

नेमकं_काय
सुई उत्तरेकडे 'खेचली' जाते असंच मुलं सांगतात. ते बरोबर का?

कातळकडा
नाही. खेचली जात नाही, वळवली जाते. प्लास्टिकच्या वाडग्यात पाणी घ्या, पिंपळाच्या पानावर किंवा बुचाच्या चकतीवर चुंबकित सुई तरंगवा. सुई फिरून उत्तर-दक्षिण होईल, पण वाडग्याच्या उत्तर काठाकडे पोहत जाणार नाही. सुईच्या एवढ्याशा लांबीत पृथ्वीचं क्षेत्र जवळजवळ एकसारखं असतं, म्हणून एका टोकावरची ओढ आणि दुसऱ्या टोकावरची उलटी ओढ सारखीच भरते. त्या दोघींनी सुई वळते, सरकत नाही. जवळ चुंबक आणला तर मात्र सरकते, कारण त्याचं क्षेत्र अंतरागणिक झपाट्याने बदलतं. दोन्ही शेजारी शेजारी दाखवा.

सुई चुंबकित कशी करायची: चुंबकाचा एकच ध्रुव सुईच्या नेढ्यापासून टोकापर्यंत एकाच दिशेने ३०-४० वेळा घासायचा, परत येताना चुंबक उचलून लांबून आणायचा. मागे-पुढे घासलं तर केलेलं पुसलं जातं. चुंबकाचा उत्तर ध्रुव घासत टोकाकडे नेलात तर टोक दक्षिण ध्रुव होतं. जिथे घासणं संपतं तिथे उलटा ध्रुव येतो. वाडगा स्टीलचा नको.

सर्व्हे_साखळी
चौथा प्रश्न, १५ अंशांचा. शाळेचं टेबल लोखंडी पाइपचं असेल. होकायंत्र टेबलावरून उचलून छातीच्या उंचीवर धरा, मग टेबलापासून दोन मीटर लांब जा. वाचन बदलत गेलं तर दोष टेबलाचा. फोनचंही तसंच करा.

फोनमध्ये सुई नसते. एक चिप तीन दिशांतलं चुंबकीय क्षेत्र मोजते आणि फोन किती कललाय हे दुसऱ्या चिपकडून घेऊन हिशेब करते. फोनमधल्या स्पीकरचा चुंबक, कव्हरच्या झडपेतला चुंबक, मागे चिकटवायच्या चकतीचा चुंबक, सगळे त्या चिपच्या मिलिमीटरांवर असतात. फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवायला सांगतात ते याचसाठी: फोनबरोबर फिरणारं क्षेत्र वेगळं काढून वजा करायला. आधी कव्हर काढा, मग आठ काढा, मग तुलना करा. सेटिंगमध्ये 'खरी उत्तर' निवडलेली असेल तर फोन दिक्पाताची दुरुस्तीही करून दाखवतो.

दिक्पात म्हणजे भौगोलिक उत्तर आणि सुईची उत्तर यांच्यातला कोन. महाराष्ट्रात तो सध्या एका अंशाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, त्यामुळे शाळेच्या टेबलावर विसरला तरी चालेल. टोपोशीटच्या (सर्व्हेच्या नकाशाच्या) समासात तो वर्षासह छापलेला असतो. वर्ष वाचा, कारण तो बदलतो. चुंबकीय ध्रुव १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस यांनी कॅनडाच्या उत्तरेला बूथिया द्वीपकल्पावर गाठला, आता तो तिथून सायबेरियाच्या दिशेला सरकलाय. म्हणून जागतिक चुंबकीय प्रतिमान दर पाच वर्षांनी नवं काढावं लागतं. ताजं २०२५ चं आहे.

सर्व्हे_साखळी
आणि 'आजूबाजूला लोखंड आहे का' हे डोळ्यांनी न शोधता कागदावर कसं पकडायचं, ते सांगतो. प्रिझमॅटिक कंपासने (म्हणजे प्रिझममधून आकडे वाचायच्या सर्व्हेच्या होकायंत्राने) सर्व्हे करताना प्रत्येक रेषेचं वाचन दोन्ही टोकांकडून घेतात. अ वरून ब ७४°३०′ आणि ब वरून अ २५४°३०′. फरक बरोबर १८०, म्हणजे अ आणि ब दोन्ही जागा स्वच्छ. पुढे ब वरून क १०७° पण क वरून ब २८५°. फरक १७८. ब स्वच्छ आहे हे आधीच ठरलंय, म्हणून क वर दोष. तिथे २८७° यायला हवं होतं, होकायंत्र २ अंश कमी दाखवतंय. क वरून घेतलेल्या प्रत्येक वाचनात २ मिळवा आणि पुढे चला. एकाच जागी उभं राहून हे कळूच शकत नाही, कारण सगळी वाचनं सारख्याच चुकीने सरकलेली असतात.

प्रिझमॅटिक दाखवणार असाल तर मुलं दोन गोष्टी विचारतीलच. एक, चकतीवर शून्य दक्षिणेला का? उत्तरेकडे बघताना डोळा आणि प्रिझम चकतीच्या दक्षिण टोकावर असतात, तिथे ० वाचायला मिळायला हवं. दोन, आकडे उलटे का? प्रिझम त्यांना पलटवून सरळ करतो.

नेमकं_काय
सुई हललीच नाही तर? जुन्या होकायंत्रांत फार होतं.

सर्व्हे_साखळी
पिव्हट बोथट झाला. सुई एका टोकदार पोलादी खुंटीवर अकीकाच्या टोपीने टेकलेली असते. चाचणी अशी: किल्ली जवळ नेऊन सुई उजवीकडे २०-३० अंश ढळवा, किल्ली लांब न्या, सुई थांबली की वाचा. मग डावीकडे ढळवून तसंच. दोन्ही वाचनं अर्ध्या अंशात जुळली पाहिजेत. दरवेळी ज्या बाजूने आली त्याच बाजूला अलीकडेच थांबत असेल तर घर्षण आहे. काचेवर बोटाने टिचकी मारून सुई सरकली तर खात्री. काच कापडाने पुसून लगेच वाचू नका, काच घासली की विद्युतभार येतो आणि सुई काचेला चिकटते. ओल्या बोटाने काचेला हात लावला की सुटते.

नेताना ब्रेक किंवा झडप लावून सुई उचलून ठेवा. पिशवीत हिंदकळणाऱ्या सुईइतकं पिव्हटचं वाटोळं दुसऱ्या कशाने होत नाही.

फिटर_ट्रेड
म्हणजे दोन्ही यंत्रांचं दुखणं टेकायच्या जागीच. कंपासचं भोक रुंदावतं, होकायंत्राची खुंटी बोथटते. मुलांना भिंगातून दोन्ही टोकं दाखवा, नवं आणि झिजलेलं.

कातळकडा
द्रव भरलेल्या होकायंत्रात बुडबुडा दिसला तर घाबरू नका. थंडीत किंवा उंचावर छोटा बुडबुडा येतो आणि खाली आल्यावर जातो. नेहमी राहणारा आणि वाढत जाणारा बुडबुडा म्हणजे गळती. सुई त्याला अडून चुकीचं दाखवते.

सुई चक्क उलटी दाखवू लागली तर फोनच्या किंवा स्पीकरच्या चुंबकाजवळ ठेवली गेलेली असते, ध्रुव पलटतात. सूर्य मावळतोय तिकडे पूर्व दिसली की समजायचं. चुंबकाने पुन्हा घासून सरळ करता येते, पण एका वाचनावर विश्वास ठेवू नका.

सह्याद्रीतल्यांसाठी: होकायंत्र कातळावर ठेवून वाचू नका. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या दगडात, मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय खनिज असतं, आणि उघड्या सुळक्यांवर वीज पडून दगड ठिकठिकाणी जोरात चुंबकित झालेला असतो. पाऊलभर सरकलं तरी सुई फिरते. दख्खनच्या लाव्ह्याचा बराचसा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे असताना थंड झाला, आणि ती उलटी दिशा दगडात अजून गोठलेली आहे. छातीच्या उंचीवर धरा. रेलिंग, लोखंडी शिड्या आणि तोफा यांच्यापासून दहा-पंधरा मीटर लांब, उच्चदाबाच्या तारांपासून ५५-६० मीटर. ट्रेकिंग पोल आणि हातातलं कडं विसरू नका. एक अंशाची चूक एका किलोमीटरला साडेसतरा मीटर, पाच अंशांची ८७ मीटर. धुक्यात कड्याच्या काठाने चालताना ८७ मीटर म्हणजे काय ते सांगायला नको.

उधाण
बोटीवर हे लोखंड बोटीबरोबरच फिरतं, म्हणून चूक बोटीच्या तोंडागणिक बदलते. उत्तरेकडे जाताना +३, पूर्वेकडे −५ असं काहीही. याला डेव्हिएशन म्हणतात. दिक्पात जागेचा, डेव्हिएशन बोटीचं. खुल्या पाण्यात बोट गोल फिरवून, किनाऱ्यावरच्या ओळखीच्या खुणांशी ताडून, दर १०-१५ अंशांना फरक लिहितात. तो तक्ता सुकाणूजवळ लावलेला असतो. मोठ्या जहाजांवर होकायंत्राच्या दोन्ही बाजूंना लोखंडी गोळे दिसतात आणि खाली छोटे चुंबक असतात, ते ही चूक कमी करण्यासाठी. लाकडी मच्छीमार बोटींवर तांडेल समोरच वायरलेसचा स्पीकर टांगतो आणि मग होकायंत्राला नावं ठेवतो. स्पीकर मीटरभर लांब न्या, तक्ता पुन्हा करा.

सर्व्हे_साखळी
विजेच्या ट्रामपायी एक अख्खी वेधशाळा हलली, ते मुलांना नक्की सांगा. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय मोजमापं चालू होती. १८५९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीचं मोठं सौरवादळ तिथे नोंदलं गेलं, आडवं क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं होतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या. रुळांतून परतणाऱ्या वीजप्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी जागा शोधून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू केली. इमारतीसाठी दगडही चुंबकत्व नसलेला, पोरबंदरचा आणला, कारण आपला काळा दगड चालण्यासारखा नव्हता. कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे १९०६ पर्यंत एकदम मोजून नोंदींचा सांधा जुळवला. ती आजही चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे.

वास्तूसाठी फ्लॅटमध्ये फोन घेऊन 'ईशान्य' शोधणाऱ्यांनीही हे वाचावं. स्लॅबमध्ये सळया, बाजूला लिफ्ट. दिवाणखान्यात एक उत्तर, स्वयंपाकघरात दुसरी.

चौकट
अमूल्य माहिती. टेबल पाइपचंच आहे, लाकडी स्टुलावर मांडतो. एक शंका: दोन्ही उपकरणं चुकत असतील तर खरी उत्तर ठरवायची कशी? मुलांच्या हातून होईल असं काही?

ड्रॉइंगबोर्ड
आहे, आणि त्यात तुमच्या टेबलाच्या दोन्ही बाजू जोडल्या जातात. कात्यायन शुल्बसूत्रात (यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात) सुरुवातीलाच दिलेली रीत आहे. सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे खुंटी, उभा करा. त्याच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावली आखडत आखडत टोकाने वर्तुळाला शिवते तिथे खूण. दुपारनंतर ती वाढत जाऊन पुन्हा शिवते तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम, आणि तिचा लंबदुभाजक उत्तर-दक्षिण. सूर्य सकाळी आणि दुपारी एकाच उंचीवर असताना तो दक्षिणोत्तर रेषेच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर असतो, एवढंच तत्त्व. दोन खुणांमधल्या काही तासांत सूर्य थोडा उत्तर-दक्षिण सरकतो, पण त्याने रेघ फार तर अंशाच्या दहाव्या हिश्शाने फिरते.

३० सेंमीची सळी, ३० सेंमी त्रिज्या. सळी ओळंब्याने, फळी पाणसळीने बघून घ्या. फळीला पूर्व-पश्चिम उतार राहिला तर रेघ थेट फिरते. दोरी ताणली की लांबते, म्हणून तार किंवा पट्टीला दोन भोकं पाडून ट्रॅमल करा.

सर्व्हे_साखळी
प्रदर्शन डिसेंबरात असेल तर ३० ची त्रिज्या चालणार नाही. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर तेव्हा भर दुपारी सूर्य जेमतेम ४८ अंश वर असतो आणि ३० सेंमी सळीची सर्वात आखूड सावलीच २७ सेंमी असते. ३० चं वर्तुळ दुपारच्या आगेमागे थोडाच वेळ शिवलं जाईल, दोन खुणा जवळ जवळ पडतील आणि ड्रॉइंगबोर्ड यांनी वर लंबदुभाजकात सांगितलेला आखूड पायाचा घोटाळा होईल.

४० आणि ५० सेंमीची दोन वर्तुळं घ्या. पुण्याच्या आसपास डिसेंबरच्या मध्याला ५० च्या खुणा साधारण पावणेदहा आणि सव्वातीनला मिळतील, ४० च्या सव्वादहा-साडेदहा आणि पावणेतीनच्या सुमारास. पहिल्या दोन खुणांत ७२ सेंमी अंतर पडेल, दुसऱ्या दोनांत ५०. दोन्ही रेघा समांतर आल्या तर काम नीट झालं, नाही आल्या तर सळी कललेली आहे किंवा फळी. तेव्हा भर दुपार पुण्यात घड्याळात साडेबारा, नागपुरात अजून वीसेक मिनिटं आधी.

सावल्या उत्तरेकडेच पडणार, त्यामुळे पूर्ण वर्तुळाची गरज नाही. ९० बाय ६० सेंमीचा प्लाय घ्या आणि सळी दक्षिणेच्या लांब कडेजवळ रोवा. टोकाची सावली धूसर पडते, कारण सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची चकती आहे. सळीच्या टोकावर ५-६ मिमी भोकाची पुठ्ठ्याची चकती लावा आणि सावलीऐवजी प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य धरा. रेघ अर्ध्या अंशापर्यंत सहज बरोबर येते.

खिळे-स्क्रू लावू नका, डिंकाने चिकटवा, आणि सळी लोखंडाची नको, बांबूची किंवा पितळेची. मग त्याच फळीवर होकायंत्र ठेवून त्याची सुई तुमच्या रेघेशी किती अंशांनी चुकते ते मोजता येईल. फळी पावणेदहा ते सव्वातीन तसूभर हलता कामा नये, आणि मधे मधली सुट्टी आहे. चारही कोपऱ्यांभोवती फरशीवर खडूने कोन आखून ठेवा, हलली तर निदान कळेल.